दहावीचं पोर, शिमगा आणि रोज रात्री ९ चा फोन

शेवग्याची_शेंग | १२ फेब्रुवारी २०२५, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी, इथे बरीच वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. गुहागर तालुक्यातल्या एका गावात राहते. मुलगा दहावीला, २१ तारखेला पहिला पेपर. मिस्टर मुंबईला असतात, महिन्या-दीड महिन्यातून एखादा शनिवार-रविवार येतात. घरात मी, सासूबाई आणि मुलगा.

मुलगा मध्यम आहे. प्रिलिमला गणितात ८० पैकी ३१ पडले आणि तिथून सगळं बिनसलं. सकाळी उठला की पोटात दुखतं, शाळेची वेळ झाली की दोनदा संडासला जातो, रविवारी मात्र काही नाही. गावातल्या डॉक्टरांना दाखवलं, मग चिपळूणला सोनोग्राफी पण केली, सगळं नॉर्मल. जेवण निम्म्यावर आलंय, बांगडा तळला तरी ताटात तसाच. परवा रात्री अडीचला उठले तर हा पडवीत अंधारात बसलेला. काय रे म्हटलं तर म्हणतो झोप येत नाही, सूत्रं डोक्यात फिरतात.

आणि मग जे बोलला त्यासाठी हा धागा. म्हणाला, "आई, कोकणात कोणी नापासच होत नाही ना? मग मी एकटाच झालो तर?"

मला काही बोलायलाच सुचलं नाही. पेज करून दिली आणि झोपवला. मिस्टरांचा रोज रात्री ९ ला फोन येतो, किती झालं, काय राहिलं, तो फोन वाजला की याचा चेहरा बघवत नाही. त्यात डोंबिवलीच्या नणंदबाई आहेतच, त्यांच्या सोसायटीत सगळ्यांनाच ९५ च्या वर पडतात.

काय करू सांगा. अभ्यास कसा करून घ्यायचा ते विचारत नाहीये, पोराला यातून कसं बाहेर काढायचं ते विचारतेय.

मिरकरवाडा | १२ फेब्रुवारी, रात्री ११.५८

ताई, पहिलं काम नणंदबाईंना म्यूट करा. बाकीचं मंडळी सांगतीलच.

चाकरमानी_दादर | १३ फेब्रुवारी, सकाळी ८.१०

राग मानू नका पण आमच्या वेळी हे टेन्शन वगैरे काही नव्हतं. कंदिलाखाली अभ्यास, पाच किलोमीटर चालत शाळा, बापाने कधी विचारलं नाही कितवीत आहेस. हल्लीच्या पोरांना जरा काही झालं की सोनोग्राफी. थोडं कडक व्हा, परीक्षा संपली की पोट आपोआप थांबेल.

मिरकरवाडा | १३ फेब्रुवारी, सकाळी ८.२२

दादरकर, तुमच्या वर्गातली किती पोरं दहावीला गळून मुंबईला हॉटेलात कपबश्या विसळायला गेली ते पण सांगा की. तेव्हा टेन्शन नव्हतं कारण जे गेले त्यांना कोणी मोजलंच नाही.

खडूफळा | १३ फेब्रुवारी, दुपारी ३.३५

ताई, मी रत्नागिरी जिल्ह्यात माध्यमिक शाळेत गणित शिकवतो, बावीस वर्षं झाली, त्यातली बरीचशी परीक्षा केंद्रावर पण गेली. तुमच्या मुलाने विचारलेला प्रश्न मी दरवर्षी ऐकतो, फक्त दरवर्षी वेगळ्या तोंडून.

कोकण विभागीय मंडळ २०१२ ला कोल्हापूरपासून वेगळं झालं, आपले दोनच जिल्हे, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. तेव्हापासून दरवर्षी निकालात राज्यात आपण पहिले. मागच्या वर्षी दहावीला राज्याचा निकाल ९५.८१ आणि आपला ९९.०१. पेपरात मोठा मथळा येतो, आम्ही मास्तर लोक पेढे खातो, फोटो काढतो. आता उरलेल्या एक टक्क्याचा हिशोब करा. आपल्याकडे साधारण सव्वीस-सत्तावीस हजार मुलं बसतात, म्हणजे अडीचशेच्या वर पोरं राहिली. अडीचशे म्हणजे काही एकटा नाही, पण ती दोन जिल्ह्यांच्या वाड्यावाड्यांत अशी विखुरलेली असतात की प्रत्येकाला वाटतं आपण एकटेच. ज्या विभागात दहातला एक राहतो तिथे शेजारी कोणीतरी सोबतीला असतो. आपल्याकडे नाही. पेढे खाताना हे मला पण बरीच वर्षं कळलं नव्हतं, खरं सांगतो.

तर त्याला हे आकडे सांगा, लपवू नका. आणि पुढचं पण सांगा. ८० पैकी ३१ म्हणजे आकाश कोसळलेलं नाही. शाळेचे अंतर्गत २० वेगळे असतात आणि पास व्हायला १०० पैकी ३५ लागतात. प्रिलिमचे पेपर आम्ही जरा घट्टच तपासतो, मुद्दाम, पोरं जागी व्हावीत म्हणून. (काही पोरं जागी होतात ती अशी, रात्री अडीचला, हे आमच्या लक्षात येत नाही.) शिवाय टक्केवारी बेस्ट ऑफ फाइव्हवर, सगळ्यात जास्त मार्कांच्या पाच विषयांवर निघते, म्हणजे एक विषय कच्चा असला तरी टक्क्यात तो बाजूला पडतो.

आणि समजा, समजाच, एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवायच्या अटीवर, अकरावीला प्रवेश मिळतो आणि पुरवणी परीक्षा त्याच वर्षी होते, पुढच्या मार्चपर्यंत थांबावं लागत नाही. पोरांना वाटतं नापास म्हणजे वर्ष गेलं, गावात तोंड दाखवायला जागा नाही. ते चित्र त्यांच्या आईबापांच्या काळातलं आहे, घरात ऐकून ऐकून त्यांच्या डोक्यात बसलेलं.

अजून एक, वेळ पुरणार नाही या भीतीने बरीच पोरं अर्धी होतात. २०२३ पासून शेवटी १० मिनिटं जास्त मिळतात, गणिताचा दोन तासांचा पेपर ११ ला सुरू झाला की १.१० ला संपतो. आता घरी सोडवताना पण घड्याळ तसंच लावा. एकच पेपर, ११ वाजता, त्याच टेबलावर, पाण्याची बाटली घेऊन. रोज नको, एक दिवसाआड. वर्गातली जागा अनोळखी असली तरी वेळ ओळखीची वाटते, निम्मी धडधड तिथेच कमी होते.

देवगडचो_बापू | १३ फेब्रुवारी, संध्याकाळी ७.०५

अगो बाय, कित्याक इतको जीव जाळतस? आंब्याच्या कलमार मोहोर लाखांनी येता, पण फळ धरता कितक्या? आणि म्हणान कोणी कलम तोडता काय? पोराक जरा वारो खावंदे.

मिरकरवाडा | १३ फेब्रुवारी, संध्याकाळी ७.१५

बापूंनू, तुम्ही पेट्रोल दरवाढीच्या धाग्यावर पण आंबाच आणला होता.

देवगडचो_बापू | १३ फेब्रुवारी, संध्याकाळी ७.२०

मगे काय बांगडो हाडू?

ओवा_जिरं | १३ फेब्रुवारी, रात्री १०.५०

मी चिपळूणला समुपदेशक म्हणून काम करते, फेब्रुवारी-मार्चमध्ये माझ्याकडे निम्मी दहावी-बारावीची पोरं असतात. शेंगताई, तुम्ही लिहिलंय त्यात एक ओळ महत्त्वाची आहे, रविवारी दुखत नाही. पोट खरंच दुखतं, तो नाटक करत नाही. भीती वाटली की शरीर पळायच्या तयारीला लागतं, छाती धडधडते, हातापायाला घाम येतो आणि पोट ढवळतं, आतडी आणि मेंदू यांचं बोलणं सारखं चालू असतं. सोनोग्राफीत भीती दिसत नाही एवढंच. म्हणून "काही नाही झालेलं तुला" हे वाक्य घरातून काढून टाका. त्याऐवजी "दुखतंय ना, पाच मिनिटं बसू" म्हणा आणि सोबत बसा. श्वास नाकाने आत घ्यायचा आणि बाहेर सोडताना आत घेतला त्यापेक्षा सावकाश सोडायचा, भातावरचं फुंकर घालून गार करतो तसा. दहा-बारा वेळा. पेपर हातात आल्यावर बाकावर पण हे करता येतं, कोणाला कळत नाही.

झोप. या वयाला ८ ते १० तास लागतात आणि दिवसभर वाचलेलं पक्कं बसतं ते झोपेतच. रात्री दोनपर्यंत जागून केलेला अभ्यास म्हणजे गळक्या कळशीत पाणी. दहाला पुस्तक बंद, मोबाईल आजीच्या खोलीत.

एक गोष्ट मी बऱ्याच मुलांना करायला लावते. २०११ साली रमिरेझ आणि बायलॉक या दोघांचा एक अभ्यास सायन्स नियतकालिकात आला होता. परीक्षेच्या आधी दहा मिनिटं मुलांना मनातली भीती कागदावर लिहायला सांगितली तर जी मुलं फार घाबरायची त्यांचे गुण सुधारले. साधी गोष्ट आहे, डोक्यात एका वेळी किती मावणार, भीतीने जागा अडवलेली असली तर सूत्रं बसणार कुठे. एक फाटकी वही द्या त्याला, लिहून झालं की पान फाडून चुलीत टाकायचं, कोणी वाचायचं नाही. तुम्ही पण नाही ताई.

आता जरा अवघड बोलते. "मी नसतो तर बरं झालं असतं", "माझ्यामुळे तुम्हाला त्रास" असलं काही तो बोलायला लागला, आवडीच्या वस्तू वाटायला लागला, किंवा एकदम शांत होऊन कोणाशीच बोलेनासा झाला तर थांबू नका. सरळ विचारा, "बाळा, मरायचे विचार येतात का?" विचारल्याने विचार डोक्यात जात नाही, उलट मूल मोकळं होतं. आणि ज्यांच्या घरी कलमं आहेत त्यांनी ऐका, हा फवारणीचा हंगाम आहे, औषधाच्या बाटल्या पडवीत, खाटेखाली पडलेल्या असतात. त्या कुलपात ठेवा. पोराला काही झालेलं नसलं तरी ठेवा. वाईट क्षण बहुतेक वेळा थोड्या वेळाचा असतो, तेवढ्यात हाताला काही लागलं नाही तर पोर वाचतं.

१४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर, सरकारी, फुकट, २४ तास, मराठीत बोलतात. लहान मुलांसाठी १०९८ आहे. बोर्ड पण दरवर्षी परीक्षेच्या काळात समुपदेशकांचे नंबर देतं, शाळेत लावलेले असतात. मुलानेच फोन करायला हवा असं नाही, आई करू शकते.

मिरकरवाडा | १३ फेब्रुवारी, रात्री ११.१५

बाटल्यांचं वाचलं आणि उठून बघून आलो. तीन निघाल्या. एक भाताच्या कणगीमागे होती. थँक्यू मॅडम.

सुरंगीचा_वळेसर | १४ फेब्रुवारी, सकाळी ९.३०

मॅडम, सगळं पटलं पण आमच्या रत्नागिरीत मानसोपचार म्हटलं की लोकांना एकच आठवतं. लहानपणापासून ऐकलंय, "जास्त करशील तर रत्नागिरीला नेऊन टाकीन." मी भाचीला घेऊन जाऊया म्हटलं तर बहिणीने महिनाभर बोलणं टाकलं होतं.

ओवा_जिरं | १४ फेब्रुवारी, सकाळी १०.१०

हो, ते प्रादेशिक मनोरुग्णालय १८८६ सालचं आहे, त्यामुळे चार पिढ्यांनी त्याचं नाव धमकी म्हणून वापरलंय. पण पोट दुखणाऱ्या दहावीच्या मुलाला तिथे भरती करायचं नसतंच. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते, साधा केसपेपर काढायचा आणि बोलायचं. डोळे तपासायला जातो तसं. भाचीला कसं आहे आता?

सुरंगीचा_वळेसर | १४ फेब्रुवारी, सकाळी १०.२५

बरी आहे. शेवटी मीच नेली. बहीण आता बोलते, फक्त तो विषय सोडून.

लाटांवर | १५ फेब्रुवारी, रात्री १२.४५

मी बहुतेक इथला सगळ्यात लहान मेंबर. आमची २०२१ ची दहावीची बॅच, परीक्षाच झाली नाही, कोरोना. नववी आणि शाळेतल्या मार्कांवर निकाल, राज्याचा ९९.९५ आणि कोकणाचा चक्क १००. सगळे म्हणायचे मजा आहे तुमची, पण मजा अशी झाली की बोर्डाचा पहिला पेपर आयुष्यात बघितला तो थेट बारावीला. २०२३ ला फिजिक्सचा पेपर हातात आला आणि मला पहिला प्रश्न दिसेचना म्हणजे अक्षरं दिसत होती पण वाक्य लागत नव्हतं, पंधरा-वीस मिनिटं मी नुसता सुपरवायझरच्या चपला बघत होतो. मग शेजारच्या वर्गातून कोणीतरी मोठ्याने शिंकलं, सगळे हसले आणि माझं डोकं चालू झालं. खरंच सांगतोय.

घरी कोणाला सांगितलं नाही. का ते सांगतो. सांगितलं असतं तर आईला टेन्शन आलं असतं, मग आईचं टेन्शन मला सांभाळायला लागलं असतं, म्हणजे डबल काम. आम्ही मुलं गप्प बसतो त्यातलं निम्मं याच कारणाने असतं. काकी, तुमचा मुलगा अडीच वाजता तुम्हाला खरं बोलला, हे भारी आहे. बहुतेक घरांत "झोप येत नाही" एवढ्यावरच विषय संपला असता.

एक रिक्वेस्ट. पेपर देऊन आला की "कसा गेला" विचारू नका. आल्यावर प्रश्नपत्रिका घेऊन किती बरोबर किती चूक ते तर अजिबात नको. जेवायला काय आहे ते सांगा, बस.

कुडाळची_आई | १५ फेब्रुवारी, दुपारी २.२०

मी पण लिहीन म्हणत होते. आमच्या मोठ्याला दहावीला ९४ पडले आणि आम्हीच हवेत गेलो. मेडिकलच्या नीट परीक्षेसाठी लातूरला क्लासला पाठवला. फी, खोली, मेस मिळून गावाकडची एक कलमांची बाग दोन वर्षांसाठी कराराने देऊन टाकली. पोरगा तिकडे भाकरी-पिठल्यावर, मासळी नाही, भात नावाला. दर रविवारी टेस्ट, त्याचे मार्क पालकांच्या मोबाईलवर. ७२० पैकी आज ४१०, पुढच्या रविवारी ३८०. मी सोमवारपासून शनिवारपर्यंत त्या मेसेजची वाट बघायची, मला बीपीची गोळी चालू झाली तिथेच. क्लासवाले वाईट होते असं नाही म्हणणार, आम्हीच मेसेजला चिकटलो होतो.

दुसऱ्या वर्षी दिवाळीत आला तो सात किलो कमी होऊन. मालवणला जेटीवर बसलो होतो, होड्या येत होत्या, तर हा एकेका माशाचं नाव, कुठल्या खोलीवर मिळतो, कुठल्या महिन्यात अंड्यावर असतो, सगळं सांगत सुटला. दोन वर्षांत एवढं बोललेला नव्हता. नीट झाली, सीट लागली नाही, अपेक्षितच होतं. सीईटी पण दिलेली होती म्हणून वाचलो. आता रत्नागिरीला शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात आहे, दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं कॉलेज. खुश आहे का? असावा. कुर्ल्या जास्त खाऊ नकोस म्हणून मलाच ओरडतो.

सल्ला वगैरे नाही माझ्याकडे. तो जेटीवर आधी बसवायला हवा होता एवढंच कधी कधी वाटतं.

शेवग्याची_शेंग | १६ फेब्रुवारी, रात्री १०.१५

सगळ्यांचे आभार, प्रत्येकाला वेगळं लिहीत नाही, वाचून रडले दोनदा. आकडे सांगितले त्याला, अडीचशे पोरं. थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "त्यांचा ग्रुप असायला पाहिजे." हसला पण. फाटकी वही दिलीय. मोबाईल सासूबाईंच्या उशाखाली, त्या आता स्वतःच त्यावर भजनं लावून ऐकतात, तो वेगळाच ताप.

आता नवीन भांडण. होळी १३ मार्चला आणि याचे पेपर १७ ला संपतात. हा दोन वर्षं शिमग्यात गावदेवाची पालखी नाचवतोय, याच्या खांद्याला यंदा पहिल्यांदा पुढची बाजू मिळणार आहे. मिस्टर म्हणतात यंदा सहाणेवर (पालखी बसते त्या जागी) पाय ठेवायचा नाही. सासूबाई म्हणतात पालखी घरी येणार आणि पोर दार लावून बसणार, असं या घरात झालेलं नाही. मी मध्ये.

चाकरमानी_दादर | १६ फेब्रुवारी, रात्री १०.४०

पेपर सोडून पालखी? मग रिझल्ट पण देवालाच विचारा. एक वर्ष नाही नाचला तर देव काय कोपणार नाही.

खडूफळा | १७ फेब्रुवारी, सकाळी ७.५०

वेळापत्रक बघा. गणित आणि विज्ञान होळीच्या आधीच संपतंय, १३ आणि १४ ला पेपर नाही, नंतर सामाजिक शास्त्रांचे दोन. मी असतो तर एक संध्याकाळ सोडला असता, दहा-साडेदहापर्यंत, रात्रभराचं जागरण नाही. नाहीतर पोरगा घरात इतिहासाचं पुस्तक उघडून बसेल आणि कान ढोलाकडे, ना अभ्यास ना पालखी. आणि दादरकर, तुम्ही स्वतः शिमग्याला रजा टाकून येता ना? कोकणकन्येचं तिकीट काढलं असेल एव्हाना.

चाकरमानी_दादर | १७ फेब्रुवारी, सकाळी ८.०५

वेटिंग ४२ आहे.

ओवा_जिरं | १७ फेब्रुवारी, दुपारी १.१०

सरांशी सहमत. अंगमेहनत, घाम, चार माणसांत मिसळणं, हे तर आम्ही औषध म्हणून सांगतो. फक्त अट घालून सोडू नका, "सायन्स चांगलं गेलं तरच" वगैरे. मग पालखी पण परीक्षाच होते.

गुहागर_नालासोपारा | १८ फेब्रुवारी, रात्री १.३०

नवीन मेंबर आहे. शेवग्याची शेंग माझी बायको. तिने लिंक पाठवली, सेकंड शिफ्ट करून आलो आणि सगळं वाचलं.

९ वाजता जेवणाची सुट्टी असते तेव्हा फोन करतो. वीस मिनिटं असतात, त्यात डबा खायचा आणि फोन. मला पोराचा आवाज ऐकायचा असतो, दुसरं काही नाही. पण काय बोलायचं तेच कळत नाही हो. तो तिसरीत असताना मी मुंबईला आलो. त्याचे मित्र कोण मला माहीत नाही. कसा आहेस म्हटलं की बरा म्हणतो आणि पुढे शांत. मग अभ्यास किती झाला विचारलं की निदान चार वाक्यं बोलतो. म्हणून विचारत आलो. तो फोन वाजला की त्याचा चेहरा बघवत नाही हे आज वाचलं.

कोणी सांगेल का, अभ्यास सोडून मुलाला काय विचारतात?

लाटांवर | १८ फेब्रुवारी, रात्री १.५०

काका, आम्ही पण तेच करतो. माझे बाबा बोटीवर असतात, आमचं बोलणं "पैसे पोचले का" वर चालतं.

मिरकरवाडा | १८ फेब्रुवारी, सकाळी ६.४०

काय मासळी आली विचारा. आज काय शिजलं, आजीने कोणाला शिव्या घातल्या. नाहीतर तुम्हीच सांगा, डब्यात काय होतं, ट्रेनमध्ये कोणाचं भांडण झालं. सारखं पोरानेच का हिशोब द्यायचा.

देवगडचो_बापू | १८ फेब्रुवारी, सकाळी ७.३०

पालखेचा विचार. पुढची बाजू खांद्यार कशी घेतत, वजन खय पडता, ता विचार. तुका येवचा नाय असा नाटक कर. झिल तास भर सोडूचो नाय.

कुडाळची_आई | १८ फेब्रुवारी, सकाळी ९.००

बापूंनी आंबा न आणता लिहिलं, आज काहीतरी विशेष.

ओवा_जिरं | १८ फेब्रुवारी, सकाळी ११.३०

भाऊ, तुम्ही हे इथे लिहिलंत ते त्याला सांगा की. "मला आवाज ऐकायचा असतो म्हणून फोन करतो, अभ्यास विचारायला नाही." एवढंच. फोन बंद मात्र करू नका. एकदम थांबवलात तर त्याला वाटेल बाबा रागावले.

शेवग्याची_शेंग | ६ मार्च, रात्री ९.५०

मध्ये यायला जमलं नाही. बीजगणिताचा पेपर झाला काल. कसा गेला विचारलं नाही, जीभ चावून बसले होते. जेवताना त्यानेच सांगितलं, शेवटच्या प्रश्नाचं एक उपउत्तर राहिलं. पोटाचं म्हणाल तर पहिल्या पेपरला सकाळी दुखलं, इंग्रजीला थोडं, काल नाही. वहीची पानं चुलीत जातायत, मी वाचत नाही. एकदा वाचायचा मोह झाला होता, खोटं कशाला सांगू.

९ चा फोन चालूच आहे. परवा मी ऐकत होते, अर्धा वेळ पालखीचं चाललेलं, "बाबा तसं नाही हो, खांदा बदलताना पाय आधी टाकायचा." मिस्टर तीस वर्षांपूर्वी तीच पालखी नाचवायचे, त्यांना काय माहीत नाही. ऐकून घेतलं सगळं.

चाकरमानी_दादर | १४ मार्च, दुपारी ४.१५

तिकीट कन्फर्म झालं नाही, एसटीने आलो. काल आमच्या सहाणेवर दहावीतली तीन पोरं होती, साडेदहाला आयांनी कान धरून नेली. मी एकाला विचारणार होतो पेपर कसे गेले. नाही विचारलं.

शेवग्याची_शेंग | १३ मे, दुपारी ३.२०

निकाल लागला. पास. टक्के सांगत नाही, नणंदबाई इथे वाचत असतील तर (हाहा). गणित निघालं, काठावर नाही, बऱ्यापैकी.

राज्याचा ९४.१० आणि आपला ९८.८२, पहिला नंबर आपलाच, पेढे निघालेत गावात. हा मोबाईलवर निकाल बघून झाल्यावर कॅल्क्युलेटर काढून काहीतरी करत होता. म्हटलं काय करतोस, तर म्हणे, "यंदा तीनशेच्या वर आहेत, आई. मागच्या वर्षीपेक्षा जास्त." वर्गातला एक मुलगा त्यात आहे, दोन विषय राहिले. दुपारी जेवून त्याच्या घरी गेलाय सायकल घेऊन, पुरवणीचा फॉर्म कधी भरायचा ते सरांना विचारून. अजून आलेला नाही.

खडूफळा | १३ मे, दुपारी ४.४०

अभिनंदन. त्या मुलाला सांगा माझ्याकडे पुरवणीचे सराव पेपर आहेत, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पाठवतो. फी वगैरे काही नाही.

गुहागर_नालासोपारा | १३ मे, रात्री ११.५५

सगळ्यांचे आभार. एक विचारायचं होतं. यंदापासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झालेत, दहापर्यंत कॉलेजांची नावं टाकता येतात म्हणे. पोराला आर्ट्स घ्यायचंय, त्यात भूगोल हवाय. गुहागर-चिपळूणकडे भूगोल कुठे आहे कोणाला माहीत आहे का? मी उद्या ९ ला त्याच्याशी बोलणार आहे, तोपर्यंत कळलं तर बरं.